बाकड्यावरची मंडळी

शाळेत मी मुलांना चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. ह्या दोन्ही गोष्टींना आमच्या कोल्हापुरात कोणी काम म्हणून मोजत नाही. दहावीनंतर चित्रकला शिक्षकाची पदविका घेऊन मी नोकरीला लागलो. आमच्या घरातली वडील माणसे दहावीला अजून मॅट्रिक म्हणतात. त्यामुळे पाहुण्यांना माझी ओळख 'हा मॅट्रिक झाला, आता चित्रे काढतो' अशी करून दिली जाते, आणि पाहुणेही 'असू दे, असू दे' म्हणून माझे सांत्वन करतात. गावात चार माणसे मला ओळखतात ती एका तिसऱ्याच उद्योगामुळे. १९९९ सालापासून मी शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल सामन्यांचे वृत्तान्त एका स्थानिक दैनिकाला पुरवीत आलो आहे. ह्या उद्योगात पैसा मिळाला नाही, पण मंडळी मिळाली. त्या मंडळींविषयी लिहायचे आहे. त्यांची खरी नावे मी घालणार नाही. त्याला कारण आहे, आणि ते पुढे येईलच.

बाहेरगावच्या वाचकांना आमचा फुटबॉल थोडा समजावून सांगायला हवा. कोल्हापूर म्हटले की त्यांना कुस्ती आठवते, आणि ते बरोबरच आहे. शाहू महाराजांनी रोममधले जुने क्रीडागार पाहून आल्यावर बांधवून घेतलेले, १९१२ साली पुरे झालेले खासबाग मैदान आजही आमचे भूषण आहे. पण ह्या गावाची गंमत अशी की येथे फुटबॉलही तालमीच खेळतात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम ही आमच्या संघांची नावे. आजोबांनी ज्या तालमीत दंड-बैठका काढल्या, तिचेच नाव अंगावर घालून नातू चेंडू मारतो. त्यामुळे सामना अकरा-अकरा जणांचा राहत नाही, दोन पेठांचा होतो. हरलेल्या गल्लीत त्या रात्री भांडीसुद्धा जरा जोरात वाजतात. अशा गावात सामन्याची बातमी लिहिणे हे दोन भावांच्या वाटणीचा कागद लिहिण्यासारखे आहे. सकाळी कोणी तरी दारात येऊन उभा राहतोच.

मी ह्यात शिरलो तो लेखक म्हणून नव्हे. त्या काळी फिल्मचे कॅमेरे होते. एका रोलमध्ये छत्तीस फोटो निघायचे, आणि गोल नेमका सदतिसाव्या वेळी व्हायचा. तेव्हा गोल कसा झाला हे बाण काढून दाखविणारे एक लहानसे चित्र छापावे, असे आमच्या संपादकांच्या मनात आले आणि चित्रे काढणारा स्वस्तातला माणूस म्हणून त्यांनी मला बोलावले. पहिल्या दिवशी मी वही-पेन्सिल घेऊन स्टेडियमवर गेलो, तर गॅलरीखालच्या एका लाकडी बाकड्यावर तीन माणसे चहा पीत बसली होती. त्यांतल्या सर्वांत वडील माणसाने माझ्याकडे पाहिले आणि शेजाऱ्याला विचारले, "ह्यो कोण आनि? नकाशा काढाय आलाय व्हय? जमीन इकाय काढली काय स्टेडियमची?"

ते अण्णा. मूळचे कुस्तीचे बातमीदार. फुटबॉल त्यांच्या गळ्यात मागाहून पडला. पण त्यांची भाषा लाल मातीतून कधी बाहेर आली नाही. त्यांच्या बातमीत बचावपटू आघाडीच्या खेळाडूला 'ढाक लावून' अडवायचा, गोलरक्षक 'चितपट' व्हायचा आणि बरोबरीत सुटलेल्या सामन्याचा मथळा ठरलेला असायचा : 'घटकाभर खडाखडी, निकाल नाही.' त्यांचा जन्म १९५२चा. ते म्हणत, "हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी पदक घेतलं आन् हिकडं मी जन्मलो. दोन्ही बातम्या एकाच सालच्या. पेपरवाल्यांनी छापली मात्र एकच."

अण्णांचे दुसरे वैशिष्ट्य तंबाखू. पहिला गोल हमखास ते मान खाली घालून तंबाखू मळत असतानाच व्हायचा. म्हणून त्यांच्या बातमीतला प्रत्येक गोल 'कोणाच्याही ध्यानीमनी नसताना' झालेला असे. ही गोष्ट गावात इतकी पसरली की पिछाडीवर असलेल्या संघाचे पाठीराखे बाकड्यापाशी येऊन हात जोडायचे, "अण्णा, तेवढी मळा की!" आणि दुसऱ्या बाजूचे ओरडायचे, "अण्णा, चुना देऊ नका त्येंचा!"

दुसरे तात्या, छायाचित्रकार. त्यांच्या फोटोत सारे काही असे : हवेत उडालेले खेळाडू, प्रेक्षकांचे आ वासलेले चेहरे, मागच्या बाजूचा भेळवाला. नसे तो फक्त चेंडू. "तात्या, चेंडू कुठंय?" असे विचारले की ते शांतपणे सांगत, "ह्येच्या पुढच्या फोटोत हुता. रोल संपला." पुढे डिजिटल कॅमेरे आले, रोल संपायचे थांबले, तरी चेंडू काही तात्यांच्या चौकटीत आला नाही.

तिसरे बापू. ते ध्वनिक्षेपकावरून समालोचन करीत आणि एका दैनिकाला बातमीही देत. हरवलेले मूल, वाटेत लावलेली स्कूटर आणि पेनल्टी, ह्या तिन्हींचा पुकारा ते सारख्याच आवेशाने करीत. त्यांच्याजवळ एक जाडजूड वही आहे, आणि तिच्यात न सापडणारी गोष्ट घडलीच नाही असे ते मानतात. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर १९४८ साली पुण्याच्या सामन्यात महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ धावांवर असताना काठियावाडच्या संघाने मधल्या सुटीत सामनाच सोडून दिला आणि ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम नऊ धावांवर राहिला, ही हकिकत बापूंनी मला निदान शंभर वेळा सांगितली असेल. दर वेळी ते तितकेच चिडतात. अण्णा म्हणत, "बापू, जाऊ दे की आता. काठियावाडातनं कुणी आलं तर नऊ रन मागून घेऊ."

आणि चौथा मी. मला त्यांनी नाव ठेवले 'मास्तर'. माझ्या बाणांच्या चित्रावरून मला जितके बोलून घेतले गेले तितके आमच्या शाळेतल्या कोणत्याही मुलाला मी बोललेलो नाही. "मास्तरा, ह्यो बाण गोलात चाललाय का रंकाळ्यावर फिराय?" मला राग यायचा नाही. उलट एखाद्या दिवशी कोणी काही बोलले नाही तर घरी जाताना चुकल्याचुकल्यासारखे वाटायचे. आम्ही एकमेकांच्या विरोधातल्या दैनिकांत लिहायचो, पण कोणाचा गोल करणारा चुकला, कोणाचे मिनिट चुकले, तर बाकड्यावर वह्या एकमेकींना लागायच्या आणि चारी दैनिकांत खरी बातमी जायची. थट्टा मात्र वाटून घेतली जात नसे. ती ज्याची त्याला पुरी मिळे.

ह्या थट्टेतला सर्वांत जुना आणि हुकमी विषय होता 'अण्णांची न झालेली मॅच'. १९८३ साली अण्णांनी एका सामन्याची सविस्तर बातमी दिली. दोन विरुद्ध एक असा निकाल, गोल करणारांची नावे, सारे काही. आणि तो सामना मध्यंतरालाच पावसामुळे बंद पडला होता! सकाळी गावभर हसे झाले. अण्णांना संपादकांपुढे उभे राहावे लागले. तेव्हापासून कोठे काही शंकास्पद घडले की कोणी तरी म्हणायचेच, "अण्णांस्नी इचारा, त्येंनी बघितलंय!" अण्णाही हसत. सर्वांत मोठ्याने तेच हसत.

आता मला २०१० सालाकडे यायला हवे. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. हंगाम ऐन रंगात आला असताना तिला ताप भरला आणि दवाखान्यात ठेवावे लागले. पहिल्या दिवशी मी तिला बायकोच्या स्वाधीन करून स्टेडियमवर आलो. काम हातचे जाईल ही भीती होती. अण्णांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, काय झाले ते विचारले आणि माझ्या हातातली वही काढून घेतली. म्हणाले, "जा तू. हितं थांबलास तर तंगडं मोडीन. तुझं मी लिवतो."

चार दिवस अण्णांनी आपल्या दैनिकाची बातमी लिहून झाल्यावर माझ्या नावाने दुसरी लिहिली. चित्रेही काढली, त्यांतला एक बाण मैदानाबाहेर जाऊन जाहिरातीत शिरला होता. चार दिवस माझे वाचक 'कलाजंग' आणि 'एकेरी पट' वाचून चक्रावून गेले. पाचव्या दिवशी मुलगी घरी आली, आणि त्या संध्याकाळी बाकड्यावर आम्ही दोघेच असताना मी अण्णांचे आभार मानू लागलो. त्यांनी मला थांबवले. समोर रिकाम्या मैदानावर पाणी मारीत होते. तिकडेच बघत ते म्हणाले, "माझी थोरली लेक हुती. तापानंच गेली. त्येरयाशीला."

मग त्यांनी थोडक्यात सांगितले. त्या संध्याकाळी ते मुलीजवळ सरकारी दवाखान्यात होते. बातमी दिली नाही तर नोकरीवर येईल म्हणून, स्टेडियमकडून आलेल्या एका माणसाला त्यांनी निकाल विचारला. त्याने जे सांगितले ते त्यांनी दवाखान्याबाहेरच्या फोनवरून कचेरीला सांगितले. खेळाडूंची नावे अंदाजाने घातली. परत आत गेले तेव्हा काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"आन् हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?" मी विचारले.

"सांगितलं असतं तर लोक हसायचं थांबलं असतं, मास्तरा. मग रोज त्येंच्या तोंडावरची दया बघत बसाय लागलं असतं. त्यापेक्षा हसलेलं परवडतं."

ही गोष्ट मी आठ वर्षे मनात ठेवली. बायकोलाही सांगितली नाही. आणि २०१८ साली माझी तिसरी कादंबरी आली. ती विनोदी होती. तीत एका लहान शहरातला एक क्रीडा-बातमीदार होता, आणि नवव्या प्रकरणात तो न झालेल्या सामन्याची बातमी देतो. एवढा हुकमी प्रसंग हातचा सोडवेना. अडचण एकच होती : बातमीदार मैदानावर का नव्हता, ह्याला काही तरी कारण द्यावे लागणार होते. खरे कारण घातले असते तर प्रकरण हसरे राहिले नसते. म्हणून त्या जागी मी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे ताट मांडले. माझा बातमीदार मटणाच्या जेवणावळीत अडकून पडतो आणि ढेकर देत देत फोनवरून बातमी सांगतो. लिहिताना मी स्वतःशी म्हटले की, हे अण्णांचे गुपित राखणेच आहे. माणूस स्वतःला काय काय पटवून देतो!

पुस्तक बाकड्यावर आले. बापूंनी नववे प्रकरण समालोचनाच्या आवाजात मोठ्याने वाचले. तात्या हसून हसून बाकड्यावरून खाली बसले. अण्णाही हसले. वाचन संपल्यावर त्यांनी पुस्तक हातात घेतले, मलपृष्ठावरचा माझा फोटो पाहिला, पुस्तक माझ्या मांडीवर ठेवले आणि उठताना म्हणाले, "चांगलं लिहिलंय तुम्ही, सर. येतो मी."

'सर' आणि 'तुम्ही'. एकोणीस वर्षांत अण्णांनी मला 'तुम्ही' म्हटले नव्हते.

त्यानंतर त्यांनी मला एक वाकडा शब्द ऐकवला नाही. भेटले की नमस्कार करायचे. बाकड्यावर सरकून जागा द्यायचे. माझ्या चित्रातला बाण कोठेही गेला तरी बोलायचे नाहीत. त्या दिवाळीत नेहमीप्रमाणे आम्ही पाडव्याला त्यांच्या घरी फराळाला गेलो. दर वर्षी काकू चकलीचा डबाच मध्ये ठेवायच्या आणि आम्ही त्यात हात घालायचो. त्या वर्षीही डबा मध्ये होता. पण माझ्यापुढे बशी आली, बशीत चमचा आला. मी हळूच म्हणालो, "अण्णा, चुकलं माझं."

"छे छे, सर, चूक कसली? घ्या, अनारसा घ्या."

मोठेपणाची अशी शिक्षा मी पूर्वी कधी भोगली नव्हती. तात्यांनी एकदा विचारले, "मास्तरा, काय केलंस रे तू त्येला?" मी काय सांगणार? बाकीचे सगळे हसले ते माहीत नसताना हसले. मी माहीत असून हसलो, आणि वर गावाला हसवले.

अशी सहा वर्षे गेली. मधल्या काळात अण्णा नोकरीतून निवृत्त झाले, डॉक्टरांनी तंबाखू सोडायला लावली. तरी सामन्यांना ते येतच राहिले. मग आला १ ऑगस्ट २०२४. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत अंतिम फेरीला पोहोचला होता. बाहेर पाऊस होता. मी शाळेतून अर्धी रजा काढली आणि तात्यांच्या स्टुडिओत गेलो. लग्नाचे आल्बम बाजूला सारून आम्ही चौघे दूरदर्शन संचापुढे बसलो. मला अण्णांनी नेहमीप्रमाणे खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसले.

बापू वही उघडून सांगू लागले : महाराष्ट्राच्या माणसाला ऑलिंपिकचे वैयक्तिक पदक मिळाले ते एकदाच, १९५२ साली, खाशाबांना, त्यांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी आमच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण टाकले होते. त्याला बहात्तर वर्षे झाली. "म्हंजे माझ्याएवढी," अण्णा म्हणाले.

आधी गुडघ्यावर बसून, मग पालथे पडून आणि शेवटी उभ्याने नेम धरायचा. कुसाळे सुरुवातीला मागेच होता. उभ्याने नेमबाजी सुरू झाली तसा तो वर सरकू लागला. मग एकेक स्पर्धक बाद होऊ लागला. खोलीत कोणी बोलेना. बापूंची पेन्सिल थांबली. आणि त्या शांततेत माझ्या तोंडून निघून गेले, "अण्णा, मळा की!"

म्हटले आणि जीभ चावली. सहा वर्षांत मी त्यांची थट्टा केली नव्हती. तो हक्क मी घालवला होता. तात्या माझ्याकडे बघत राहिले. अण्णांनी माझ्याकडे पाहिले, मग संचाकडे पाहिले. स्टूल फिरवले, भिंतीकडे तोंड केले आणि डावा तळहात पुढे धरून त्यावर उजवा अंगठा घासू लागले. हातात काही नव्हते. नुसताच तळहात होता. पण ते अगदी मन लावून मळत होते, मधून चुटकी वाजवून धूळ उडवीत होते.

४५१.४ गुण. कांस्यपदक. बापू ध्वनिक्षेपक नसतानाही असे ओरडले की खालचा किराणा दुकानदार वर धावत आला. तात्यांनी फोटो काढले. त्यांत सगळे आहेत, फक्त दूरदर्शनचा संच नाही. ह्या साऱ्या गोंधळात अण्णा स्टुलावरून सावकाश वळले. डोळे पाण्याने भरले होते.

"काय झालं? घावलं?" त्यांनी विचारले.

"घावलं, अण्णा."

"मी बघितलं न्हाई बग." मग ते माझ्या जवळ आले आणि माझ्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. "मास्तरा, ही माझी दुसरी न बघितलेली मॅच. लिव आता."

मला बोलवेना. "लिहू?" एवढेच मी विचारले.

"लिव. पन ह्या टायमाला कारनासकट लिव. दोन्हींचं. तुझ्या काकूला इचारलंय मी कवाच. ती म्हनाली, पोरीचं नाव निदान कुटंतरी निघंल. नाव नको घालूस. पन हुती म्हनून लिव."

त्या वर्षी पाडव्याला मी जरा धास्तावतच त्यांच्या घरी गेलो. काकूंनी चकलीचा डबा मध्ये आणून ठेवला. मी बशीची वाट बघत थांबलो. बशी आली नाही. अण्णा म्हणाले, "काय बघालायस? हात मोडलाय व्हय तुझा? का बाण काढून दावू, डबा कुठं हाय त्यो?"

मी डब्यात हात घातला.